तीन वर्षं ॲप्स टाकून बघितली, टिकला तो फोनमधला साधा रेकॉर्डर

ओळखीतल्या कुणाचं मूल अडखळत बोलायला लागलं की मला मेसेज येतो, "एखादं चांगलं ॲप सांग ना". प्रत्येकाला तेच तेच टाईप करून कंटाळलो, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय. लेक आता आठची आहे, ती अडखळते, आणि हा रिव्ह्यू एका ॲपचा नाही तर तीन वर्षांत तिच्यासाठी म्हणून फोनवर जे जे काही टाकलं आणि काढलं त्या सगळ्याचा आहे. घाईत असाल तर एवढंच वाचा: साधा व्हॉइस रेकॉर्डर पाच स्टार, व्हिडिओ कॉलवरची थेरपी साडेचार, आवाज उशिरा ऐकवणारं ॲप अडीच, स्टार वाटणारं गेमवालं ॲप उणे दोन. घाईत नसाल तर बसा.

आधी एक गोष्ट. बोबडं बोलणं वेगळं आणि हे वेगळं. 'र' ला 'ल' म्हणणं हा उच्चाराचा प्रश्न, त्याची ॲप्स वेगळी, पण सर्च केलं की दोन्ही एकाच ढिगात येतात आणि लोक भलतंच उतरवून बसतात (मीही). अडखळणं म्हणजे काय म्हणायचंय ते पोरीला शंभर टक्के माहितीये, शब्द जिभेवर आलेला आहे, पण पहिला आवाज परत परत येतो, क-क-कधी, किंवा लांबतो, सssसांग, किंवा सगळ्यात वाईट म्हणजे ब्लॉक, तोंड उघडं, आवाज बंद, डोळे घट्ट मिटलेले, आणि आपण समोर स्वतःचा श्वास रोखून उभे.

आमच्याकडे हे साडेतीनव्या वर्षी सुरू झालं. बहुतेकांचं दोन ते पाच या वयातच सुरू होतं. शंभरातली पाच तरी मुलं कधी ना कधी अडखळतात आणि त्यातल्या बऱ्याच जणांचं आपोआप जातं, मोठेपणी शंभरात एखादं उरतं, त्यामुळे "जाईल हो, कशाला टेन्शन घेता" म्हणणारे अगदीच चुकीचे नसतात. फक्त कुणाचं जाणार आणि कुणाचं राहणार हे आधी कुणी छातीठोक सांगू शकत नाही. "मुलींना नसतं असं काही" हेही ऐकून झालं. मोठ्यांमध्ये चार पुरुषांमागे एक बाई हे खरंय, पण लहानपणी फरक तेवढा नसतो, मुलींचं जाण्याचं प्रमाण जास्त असतं एवढंच. आमच्या हिचं गेलं नाही. आणि मग घाबरली होती का, आपण ओरडलो म्हणून झालं का, यावर आम्ही नवराबायकोने सहा महिने एकमेकांचं डोकं खाल्लं. २०१० पासून याच्याशी जोडलेली जनुकं सापडायला लागली आहेत आणि अडखळणं घराण्यात चालत येतं हे वाचल्यावर मला माझे एक काका आठवले, जे फोन वाजला की बाथरूमला जायचे. लहानपणी आम्ही हसायचो त्यांना. असो.

तर ॲप्स.

पहिलं उतरवलं ते अर्थातच सगळ्यात रंगीत होतं. नाव सांगत नाही, अशी बरीच आहेत आणि सगळ्यांचा साचा एकच. स्क्रीनवर एक होडी, मूल बोलायला लागलं की होडी चालते, आवाज सलग असेल तर जोरात, तुटला की होडी थांबते आणि टुंग असा आवाज, शेवटी शंभरपैकी मार्क आणि स्टार. पहिला आठवडा घरात उत्सवच. पोरगी स्वतःहून फोन मागायची, पहिल्या दिवशी ५८, मग ७०, मग ८३, तिसऱ्या आठवड्यात ९६! मी स्क्रीनशॉट काढून आजीला पाठवला, आजीने नाचणारी फुलं पाठवली.

बायकोच्या लक्षात आलं आधी. म्हणाली, ही घरात बोलत नाहीये अरे. आणि खरंच. शाळेतून आली की बूट काढण्यापासून झोपेपर्यंत जिची टकळी चालू असायची, अडखळत का होईना पण चालू असायची, ती "काय झालं शाळेत?" ला "काही नाही" म्हणत होती. मग मी शेजारी बसून होडीवाला खेळ नीट बघितला. चित्र येतं, विचारतात, या चित्रात काय चाललंय ते सांग. आमची काय सांगते? "भूभू." फुल मार्क. पुढचं चित्र, "झाड". फुल मार्क. पहिल्या आठवड्यात हीच पोरगी त्याच चित्रावर कुत्रा कोणाचा आहे, तो का पळतोय, त्याची आई कुठे गेली असं रामायण सांगत होती आणि ५८ मिळवत होती. तिने खेळ बरोब्बर ओळखला होता, कमी बोललं की होडी बुडत नाही.

आणि "भूभू" चं मला तेव्हा कौतुकच वाटलं. पुढे आमच्या स्पीच थेरपिस्टने विचारलं, पाच वर्षांची आहे, डायनासोरची लांबलचक नावं लिहिते, मग कुत्र्याला भूभू का म्हणते? क. तिला क वर ब्लॉक येतो. ती कुत्रा टाळत होती. काल, कागद, केस, कधी, सगळे शब्द वळसा घालून. ॲपला गप्प बसलेलं मूल आणि न अडखळणारं मूल यातला फरक कळत नाही, त्याला फक्त तुटलेला आवाज ऐकू येतो, आणि न काढलेला आवाज कधी तुटत नाही ना. तेव्हा जे काही ॲप न अडखळण्याचे मार्क देतं ते माझ्या मते लहान मुलाच्या हातात देऊ नये, त्यात कितीही गोंडस ससे असोत. उणे दोन त्यासाठी. (सबस्क्रिप्शन बंद करायला जी सात बटणं दाबावी लागली त्याचे अजून कापायला हवे होते खरं तर.)

आता रेकॉर्डर. फोनमध्ये आधीपासून असतो तोच, लाल गोळा दाबायचा. थेरपिस्टने पहिल्याच आठवड्यात सांगितलं, तुम्ही आणि लेक दहा मिनिटं नेहमीसारखं बोला आणि रेकॉर्डिंग पाठवा, खास काही करू नका. मी तरी जरा खास केलंच, म्हणजे ठोकळे वगैरे घेऊन बसलो, एरवी मी फोन बघत "हं हं" करतो. पाठवलं. पुढच्या कॉलला तिच्याकडे कागदावर रेघोट्या मारलेल्या, पाच पाचच्या जुड्या. मला वाटलं लेकीचे ब्लॉक मोजलेत. नाही. माझ्या रेघोट्या होत्या. दहा मिनिटांत अकरा वेळा मी तिचं वाक्य पुरं केलं होतं, सहा वेळा "सावकाश बोल" म्हणालो होतो, आणि एकदा एका दमात चार प्रश्न, "हा कुणाचा, याला काय म्हणतात, कुठे ठेवायचा, असा ठेवायचा का?" थेरपिस्ट काही बोलली नाही, तेवढा तुकडा परत लावला फक्त. माझाच आवाज, मी स्वतःला समंजस बाप समजत होतो, आणि ऐकायला येत होतं की एक माणूस पाच वर्षांच्या पोरीच्या मागे लागलाय.

तेव्हापासून रेकॉर्डर आठवड्यातून एकदा, आणि तो माझ्यासाठी. काय बदलायचं होतं ते ऐकायला अगदी किरकोळ वाटतं. तिचं बोलून झालं की लगेच तोंड उघडायचं नाही, मनात एक दोन म्हणायचं आणि मग बोलायचं. तिला सावकाश बोल सांगायचं नाही, आपणच सावकाश बोलायचं. प्रश्नांची फैरी नाही, त्याऐवजी आपलं एखादं वाक्य टाकून गप्प बसायचं, "हा ठोकळा जरा डुगडुगतोय", आणि तिला वाटलं तर ती बोलेल. ब्लॉक आला की तिच्या ओठांकडे नाही, डोळ्यांकडे बघायचं, शब्द सुचवायचा नाही. लंडनला मायकेल पॅलिन सेंटर म्हणून आहे, १९९३ पासून याच कामात, तिथल्या पद्धतीत आईबापांना रोजची नाही तर आठवड्यातून काही वेळा पाच मिनिटांची खास खेळायची वेळ ठरवून देतात आणि तिचे व्हिडिओ काढून आईबापांनाच दाखवतात, आणि आईबापच सांगतात की मी इथे बरं केलं, इथे घाई केली. आमच्या थेरपिस्टने त्यातलंच काही वापरलं असणार. सांगायचं काय, की इथे कॅमेरा मुलाकडे नाही, आपल्याकडे वळवलेला आहे, आणि हे कुठल्याच ॲपच्या जाहिरातीत नसतं कारण आईबापांना मार्क देणारं ॲप कोण विकत घेणार.

एक नियम मात्र पाळा, चोरून रेकॉर्ड करू नका. लाल गोळा तीच दाबते आमच्याकडे, तिला नको असेल त्या दिवशी नाही. आणि फायली फोनमध्येच ठेवतो, मुलांचा आवाज "सुधारणेसाठी" आपोआप वर चढवणारी ॲप्स बरीच आहेत, परवानग्या वाचल्याशिवाय ओके करू नका.

दुसरं टूल म्हणजे एक साधी स्प्रेडशीट, तारीख आणि आकडा, बस. लिडकोंब प्रोग्राम नावाची पद्धत आहे, ऑस्ट्रेलियात सिडनीला तयार झालेली, सहाच्या आतल्या मुलांसाठी, त्यात आईबापच घरी रोज थोडा वेळ काम करतात आणि दिवसाला एक आकडा देतात, ० म्हणजे अजिबात नाही, ९ म्हणजे अतिशय जास्त. आम्ही पाचव्या वर्षी सुरू केली ती हीच. त्यात मूल सलग बोललं की मधूनच सहज म्हणायचं, "किती छान आलं ते", किती वेळा म्हणायचं, कधी नाही म्हणायचं, याचं तंत्र आहे आणि ते शिकवणारं माणूस लागतं, व्हिडिओ बघून घरच्या घरी सुरू करू नका, कारण जास्त झालं की तेच मघाचं होडीचं प्रकरण होतं. तसं पद्धतीच्या नावावरून भांडायचंही कारण नाही, नेदरलँड्समध्ये १९९ मुलांवर लिडकोंब आणि दुसरी एक पद्धत अशी तुलना केली होती, २०१५ साली छापून आलं, दीड वर्षाने दोन्हीकडच्या मुलांची प्रगती जवळपास सारखीच. आमच्या हिला लिडकोंबने फरक पडला, पूर्ण गेलं नाही.

शीटचा फायदा वेगळाच झाला. ग्राफ काढला तेव्हा दिसलं की हे लाटांसारखं आहे. ताप येऊन गेला की वर, पाहुणे आले की वर, झोप कमी झाली की वर, आणि काही वेळा काहीही कारण नसताना वर, आणि मग आपोआप खाली. ग्राफ नव्हता तेव्हा प्रत्येक वाईट आठवडा म्हणजे "सगळं पाण्यात गेलं" असं रात्री अकरा वाजता चालायचं आमचं, आता शीट उघडून बघतो, मागच्या वेळीही दहा दिवस ७ होता, मग ३ वर आला, झोपा. तोटा पण सांगतो. मी मध्यंतरी दिवसाला चार चार आकडे टाकायला लागलो होतो, जेवताना वेगळा, गाडीत वेगळा, म्हणजे पोरगी गोष्ट सांगतेय आणि बाप डोक्यात ४ का ५ करतोय. थेरपिस्टने शीट महिनाभर बंद करायला लावली. एकच आकडा, तो पण ती झोपल्यावर.

व्हिडिओ कॉलवर थेरपी होते का असं सगळे विचारतात. होते. लिडकोंबचीच २०१६ मध्ये ४९ मुलांवर चाचणी झाली, अर्धी क्लिनिकमध्ये आणि अर्धी घरी वेबकॅमवर, निकालात म्हणावा असा फरक निघाला नाही. आमचा अनुभवही तोच, उलट घरी ती स्वतःच्या खेळण्यांत असते त्यामुळे खरं बोलणं ऐकू येतं. पण काही गोष्टी कुणी सांगत नाही त्या मी सांगतो. एक, स्क्रीनवर आपला स्वतःचा चौकोन दिसतो तो लपवा, सेटिंग असते. आमची सगळा वेळ स्वतःचं तोंड बघत बसायची आणि ब्लॉक आला की स्वतःचे मिटलेले डोळे बघून अजून बिचकायची, चौकोन घालवला त्या दिवशी फरक दिसला. दोन, आजूबाजूचा आवाज कमी करणारी जी सेटिंग आपोआप चालू असते ती बंद करा. लांबलेला सssस त्या सॉफ्टवेअरला पंख्याचा आवाज वाटतो की काय कोण जाणे, आमच्याकडे नेमका तोच गिळला जायचा आणि पलीकडे थेरपिस्टला वाटायचं पोरगी गप्प आहे, मग ती बोलायची, मग दोघी एकदम थांबायच्या. तीन, नेट हळू असेल तर कॉल पुढे ढकला सरळ. आवाज अर्ध्या सेकंदाने उशिरा पोचला की समोरचा माणूस नकळत मध्येच बोलतो, आणि मध्ये बोललं जाणं हेच तर टाळायचंय. अर्धा स्टार कापला तो या कटकटीसाठी.

उशिरावरून आठवलं, आवाज उशिरा ऐकवणारी ॲप्स. यात कानात हेडफोन घालून बोलायचं, आपलाच आवाज सेकंदाच्या काही हजाराव्या भागाने मागून ऐकू येतो, आणि बऱ्याच अडखळणाऱ्यांचं अडखळणं तेवढ्यापुरतं कमी होतं. कोरसमध्ये बोलताना किंवा गाताना अडखळत नाहीत ना, त्यातलाच हा प्रकार, कानाला वाटतं दुसरं कुणीतरी बरोबर बोलतंय, असं म्हणतात. कल्पना जुनी आहे, १९५० मध्ये बर्नार्ड ली नावाच्या माणसाने दाखवलं होतं की आवाज उशिरा परत ऐकवला तर चांगली बोलणारी माणसंच अडखळायला लागतात, म्हणजे उलटं. पुढे २००१ मध्ये अमेरिकेत ईस्ट कॅरोलायना युनिव्हर्सिटीतल्या संशोधकांनी कानात बसणारं स्पीचईझी नावाचं यंत्र आणलं, आणि आता तेच काम फोन करतो.

आम्ही सातव्या वर्षी टाकलं. डिले ६० मिलिसेकंद ठेवा असं लिहिलेलं, ठेवलं, पण पोरगी वैतागली, काहीच्या काही ऐकू येतंय म्हणाली. दोन दिवस गेले कळायला. ब्लूटूथ हेडफोन होते, ते स्वतःच आवाज शंभर दोनशे मिलिसेकंद उशिरा पोचवतात, म्हणजे ६० च्या जागी तिला कितीतरी जास्त मिळत होतं. वायरवाले लावा. हे त्या ॲपच्या माहितीत पहिल्या ओळीत हवं, कुठेच नव्हतं.

नेमकं तिला काय ऐकू येतंय बघायला म्हणून मी तेच हेडफोन घातले आणि समोर पडलेलं मासिक मोठ्याने वाचायला घेतलं. दुसऱ्या ओळीला जीभ अडकली. तिसऱ्या ओळीला "व्य-व्यव-व्यवस्थे", पुढे जाईचना, आवाज आपोआप चढला, मान ताणली गेली, डोळे मिटले मी चक्क. लेक समोर बसून बघत होती. आधी हसली, मग एकदम गंभीर चेहरा करून गुडघ्यावर हात ठेवून म्हणाली, "बाबा, सावकाश बोल." अडीचपैकी दीड स्टार या एका वाक्याचे आहेत. मी पोरीला हे वाक्य किती हजार वेळा म्हटलं असेल, आणि ऐकणाऱ्याला त्याचा काय उपयोग होतो ते मला त्या दिवशी कळलं, काहीही नाही, फक्त अजून राग येतो. घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाने एकदा हा प्रयोग करावा, शाळेतल्या बाईंनी पण.

बाकी तिला त्याचा फायदा झाला का, तर झाला, दोन तीन आठवडे. वाचताना जास्त, गप्पा मारताना कमी, आणि मग सवय होऊन परिणाम उतरला. काढलं की परत आहे तिथेच. लहान मुलांसाठी याचा पुरावाही तोकडाच आहे, तेव्हा मी हे उपचार म्हणून नाही सांगणार. त्यापेक्षा रेकॉर्ड केलेल्या गोष्टीबरोबर पुस्तक धरून मोठ्याने वाचणं, फुकट आणि तोच कोरसवाला परिणाम, तिला स्वतःचा आवाज सलग वाहताना ऐकायला आवडतो, झोपताना करते अधूनमधून. एवढंच, त्यातून जास्त अपेक्षा नाही.

घरात बोलून चालणारा एक स्पीकर आहे त्याचाही रिव्ह्यू देतो कारण त्याने एक संध्याकाळ वाया घालवली. पोरीला डायनासोरबद्दल काहीतरी विचारायचं होतं. "क-क-क" आणि त्याने टुंक केलं, "मला समजलं नाही". परत. "क-क-कोणता डाय", टुंक, भलतंच गाणं लावलं. तिसऱ्या वेळी तिने क च्या आधीच ब्लॉक घेतला, स्पीकरचा दिवा विझला, आणि ती म्हणाली, "याला पण थांबता येत नाही." याला पण! ही यंत्रं अडखळणाऱ्या आवाजावर फारशी शिकवलेली नसतात, त्यांना विराम म्हणजे वाक्य संपलं. काम चालू आहे म्हणा त्यावर, ॲपलच्या लोकांनी २०२१ मध्ये पॉडकास्टमधून अडखळत्या बोलण्याच्या २८ हजारांवर क्लिप गोळा करून खुल्या केल्या, आणि आयफोनमध्ये आयओएस १६ पासून ॲक्सेसिबिलिटीमध्ये सिरीने किती वेळ थांबायचं ते वाढवायची सेटिंग आहे, ज्यांच्याकडे असेल त्यांनी ती सगळ्यात लांबवर ठेवा. आमच्या स्पीकरला तसलं काही सापडलं नाही. आता तो गाणी लावतो आणि गजर, प्रश्न ती आम्हाला विचारते.

आता ज्याला कुणी टूल म्हणत नाही पण ज्याने आमचं सगळ्यात जास्त नुकसान केलं ते, रीटेक. शाळेत एक मिनिटाचा व्हिडिओ करून पाठवायचा असतो ना, माझा आवडता प्राणी वगैरे. आम्हाला वाटलं वा, हिच्यासाठी बरंय, वर्गासमोर उभं राहायला नको. शनिवारी सकाळी बसलो, अडखळली की डिलीट, परत, अडखळली की डिलीट. चौतिसाव्या टेकला ती रडायला लागली आणि मी (सांगायला लाज वाटते) बाराव्या टेकचा व्हिडिओ घेऊन त्यातले ब्लॉक एडिटिंगमध्ये कापून टाकले. सुंदर जमलं होतं. तिला दाखवलं. तिने शेवटपर्यंत बघितलं आणि म्हणाली, "ही मी नाहीये."

थेरपिस्ट काही वेळा मुलाच्याच सलग बोलण्याचे तुकडे जोडून त्याला दाखवतात, अशी एक रीतसर पद्धत आहे, पण ती मुलाला सांगून, त्याच्याबरोबर बसून, आणि जगापासून काही लपवायला नाही. मी केलं ते लपवालपवी होती. त्या रात्री फोनमधले तेहतीस डिलीट केलेले व्हिडिओ कचऱ्याच्या फोल्डरमध्ये ओळीने दिसत होते, प्रत्येकाच्या चौकोनात तिचा तोंड उघडलेला चेहरा. तेव्हापासून घरात नियम, एकच टेक. शाळेत बाईंना आधी सांगून ठेवलं, व्हिडिओत अडखळणं असेल, मार्क विषयाला द्या. दिले त्यांनी.

आजीला व्हॉइस नोट पाठवतानाही तेच, एक टेक. व्हॉइस नोट हे फार चांगलं साधन आहे बरं का, समोर कुणी घाई करणारं नसतं, मध्ये कुणी बोलत नाही, हवा तेवढा वेळ घ्या. फक्त ऐकणाऱ्यांना सांगून ठेवा दीडपट स्पीडने ऐकू नका. आमच्या एका काकांनी पोरीसमोरच तिची नोट दुप्पट वेगाने लावली होती, वेळ वाचवायला. मिनिटभराची नोट होती.

शेवटचं, आणि यावर मी स्टार देत नाही कारण हे विकत मिळत नाही. थेरपिस्टने चार मुलांचा एक व्हिडिओ कॉल जमवला, सगळी सात ते दहा वयाची, सगळी अडखळणारी, दर सोमवारी. पहिल्या कॉलला एक मुलगा स्वतःचं नाव सांगताना बराच वेळ अडकला (स्वतःचं नाव बऱ्याच जणांना सगळ्यात जड जातं, ते बदलून दुसरा शब्द घेता येत नाही ना) आणि बाकी तिघं नुसती बघत थांबली, कुणी हललं नाही, कुणी नाव सुचवलं नाही. माझी लेक कॉल संपल्यावर बाहेर आली ती डोळे मोठे करून. "बाबा, त्याचा ब्लॉक माझ्यापेक्षा मोठ्ठा होता!" जणू काही चित्रांची तुलना चाललीये. मग एका सोमवारी त्यांनी मुद्दाम अडखळायची स्पर्धा लावली, ही पण थेरपीतली पद्धत आहे, मुद्दाम अडखळलं की भीती कमी होते, आणि आतून "कु-कु-कु-कु-कुत्रा" ऐकू आलं. भूभू नाही.

मागच्या रविवारी रेकॉर्डर लावला होता नेहमीसारखा. ती अडखळते अजूनही, शीटवर त्या दिवशीचा आकडा ४ आहे. रेकॉर्डिंग झाल्यावर ऐकायला आता तीच बसते, कागद पेन्सिल घेऊन, रेघोट्या मारते. मी विचारलं किती वेळा मध्ये बोललो. "द-द-दोनदा," म्हणाली, "आणि एकदा मोठ्ठा श्वास घेतलास बोलायला, ती पण एक रेघ मारलीये."